झुलू भागात होम व्हिजिटला जायचंय? आधी हे ठरव की ती व्हिजिट कोणाची आहे

तुझा प्रश्न दोन-तीनदा वाचला. (वयानं बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.) जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं नाशिकला वॉर्डात काम केलंय, आता सहा आठवडे दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नातालच्या ग्रामीण भागात एका संस्थेबरोबर घरोघरी आरोग्य भेटींना जायचंय. बीपी मशीन, ग्लुकोमीटर, ड्रेसिंगचं सामान, थोडी औषधं इथूनच न्यावीत का, झुलू भाषा येत नाही तर अडेल का, आणि सहा आठवड्यांत पेशंटना खरंच काही फायदा होईल का, असं विचारलंयस.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली, लग्नानंतर डर्बनला गेले आणि प्रांताच्या उत्तर भागात अकरा वर्षं होम व्हिजिटच्या टीमबरोबर फिरले, सुरुवातीला स्वयंसेवक म्हणून आणि तिथली नोंदणी झाल्यावर नर्स म्हणून. त्या अनुभवावरून सांगते, सामानाचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न हा की तू ज्या घरात शिरणार आहेस तिथली ती भेट कोणाची? ती तुझी नाही, संस्थेचीही नाही. ती त्या बाईची आहे जी दर आठवड्याला त्या चढावरून चालत तिथं जाते, तू यायच्या आधीही जात होती आणि तू गेल्यावरही जाणार आहे. तिला तिकडं उनोम्पिलो म्हणतात, इम्पिलो म्हणजे आरोग्य, त्यावरून. सरकारी कागदात कम्युनिटी केअर गिव्हर. आपल्या आशाताईसारखीच समज, फक्त आशाताईला ठरलेल्या रकमेबरोबर कामागणिक मोबदलाही असतो आणि हिला महिन्याला ठरलेलं मानधन असतं, तेही फार नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. संस्था कशी आहे, कुठल्या जिल्ह्यात, कुठला महिना, तुझ्या व्हिसावर काय लिहिलंय. भारतीय नर्सला तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, म्हणजे इंजेक्शन नाही, औषध देणं नाही, स्वतःच्या जबाबदारीवर जखमेचं ड्रेसिंग नाही. संस्था जर म्हणाली की चालतं, कोण बघतंय, तर त्या संस्थेला नाही म्हण. अजून एक विचार त्यांना, की पगारी स्थानिक माणसं किती आहेत आणि गेल्या वर्षभरात कमी केलीत का. कारण २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली तेव्हा एचआयव्ही-टीबीवर काम करणाऱ्या कितीतरी प्रकल्पांतली माणसं घरी बसली, आणि ज्या बाईला काढलं तिच्या जागी फुकट फिरणारी परदेशी मुलगी येणार असेल तर ते मला तरी पटत नाही. तू जादा हात म्हणून जा, कोणाची जागा भरायला जाऊ नकोस.

घरोघरी जाण्याची ही पद्धत त्या भागाला कोणी बाहेरून नवीन शिकवलेली नाही. १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर नवराबायकोनं तिथंच, बुलवरजवळ फोलेला नावाच्या ठिकाणी आरोग्य केंद्र काढलं. त्यांनी स्थानिक मुलामुलींना शिकवून घरोघर पाठवलं, कोणत्या घरात किती माणसं, काय खातात, संडास आहे का, पाणी कुठून आणतात ते सगळं लिहून घेतलं, आणि औषधाच्या बरोबरीनं परसात भाजीपाला लावायला लावला. पुढं १९४८ नंतर वर्णभेदी सरकारच्या काळात त्या कामाचं पाठबळ गेलं, पण जगभर आज समुदायाधारित आरोग्यसेवा म्हणून जे शिकवतात त्याच्या मुळाशी फोलेला आहे. आपल्याकडं जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० मध्ये आणि नंतर गडचिरोलीत बंग दांपत्यानं जे केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. म्हणून तू काही मागासलेल्या भागाला शिकवायला चाललीयेस असं मनात असेल तर ते इथंच काढून टाक.

आता प्रत्यक्ष भेट कशी असते ते सांगते, कारण निम्मं काम त्यातच आहे. आपल्यासारखं गावठाण नसतं, की गल्लीत शिरलं आणि दहा घरं झाली. एकेक उमुझी, म्हणजे एका कुटुंबाचं आवार, वेगवेगळ्या टेकडीच्या उतारावर असतं, दोन-तीन चौकोनी खोल्या, एखादी गोल झोपडी, मधे गुरांचा गोठा. एकातून दुसऱ्यात जायला कधी वीस मिनिटं कधी पाऊण तास, त्यामुळे दिवसाला चार-पाच घरं झाली तरी पुष्कळ. फाटकाशी थांबायचं आणि हाक द्यायची, जुन्या पद्धतीची हाक एकुहलेनी अशी आहे. कुत्री भुंकतात, आतून कोणीतरी येतं, मगच आत. सरळ दारापर्यंत चालत जायचं नाही, घाई असली तरी नाही. आत गेलं की उभं राहायचं नाही, बसायचं, बहुतेक वेळा चटईवर. मोठ्यांसमोर उभं राहणं उद्धटपणा समजतात, आणि मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणंही. आपल्याला नर्सिंगमध्ये शिकवतात की पेशंटशी आय कॉन्टॅक्ट ठेवा, तिथं नजर थोडी खाली ठेवणं हाच मान आहे. गोल झोपडीत उजवी बाजू पुरुषांची, डावी बायकांची, आणि दारासमोरचा मागचा भाग, उमसामो, तो पूर्वजांचा, तिथं आपली बॅग टेकवायची नाही. देवघरात कोणी चपला ठेवल्या तर कसं वाटेल तसं ते आहे. काहीही घेताना दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार देऊन. जमीन पुष्कळ घरांत शेणानं सारवलेली असते, मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा आजीच्या घरी आल्यासारखं वाटलं होतं.

मग विचारपूस सुरू होते आणि ती लांबते. पाऊस झाला का, गुरं कशी आहेत, शनिवारी कोणाच्या अंत्यविधीला जायचंय. नव्या स्वयंसेवकाला वाटतं वेळ वाया चाललाय, पण नीट ऐकलंस तर उनोम्पिलोची तपासणी तेव्हाच चालू झालेली असते. पाण्याचा डबा झाकलेला आहे का, चूल आज पेटलीय का, मागच्या वेळी रांगणारं पोर आज एका कोपऱ्यात का पडून आहे, थोरला मुलगा जोहान्सबर्गहून परत का आला आणि त्याचा शर्ट एवढा ढगळ का झाला. त्यानंतरची बीपी, वजन, गोळ्या मोजणं ही कामं दहा-पंधरा मिनिटांची. बऱ्याच घरांत आईबाप कामासाठी डर्बन-जोहान्सबर्गला, आणि गोगो, म्हणजे आजी, चार-पाच नातवंडं सांभाळतेय. तिचं पेन्शन आणि मुलांच्या नावचं अनुदान यावर घर चालतं, म्हणून महिन्याच्या शेवटी गेलीस आणि गोगोची बीपी वाढलेली दिसली तर मिठावर भाषण देण्याआधी उनोम्पिलोला हळूच विचार की घरात पीठ आहे का. रिकाम्या पोटी गोळी घेतली की गरगरतं म्हणून ती गोळी सोडते, आणि हे ती तुला कधी सांगणार नाही, तिला सांगेल.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, अजून मनातून जात नाही. पहिल्याच महिन्यात एका घरी तिशीतली एक बाई, शेजारी सासू, जाऊ, शाळेतून आलेली दोन मुलं. मी तिला इंग्रजीत विचारलं की एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, किती वाजता घेतेस. मला वाटलं इंग्रजी कोणाला कळतंय. मुलांना कळत होतं, आणि खरं म्हणजे एआरटी, एआरव्ही हे शब्द तिथं लहान पोरालाही माहीत आहेत, कारण जगात सगळ्यात जास्त एचआयव्ही असलेले लोक दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि क्वाझुलु-नाताल हा सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी आहे. त्या बाईनं घरात काहीच सांगितलेलं नव्हतं. डबीचा खुळखुळ आवाज येऊ नये म्हणून गोळ्या ती कापडाच्या पुरचुंडीत ठेवायची, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात फाटक उघडलं नाही. त्यानंतरही नाही. माझ्याबरोबरची उनोम्पिलो मला एका शब्दानं बोलली नाही, पण ती एकटी दर आठवड्याला त्या फाटकाशी जाऊन कोंबड्यांची, मुलांच्या शाळेची चौकशी करून परत येत राहिली, आणि आठ महिन्यांनी तिला परत आत बोलावलं. मी एका वाक्यात जे मोडलं ते जोडायला तिला आठ महिने लागले. तेव्हापासून माझा नियम असा की घरात आजाराचं नाव मी काढायचं नाही, कुठल्याही भाषेत. विचारायचं ते उनोम्पिलो विचारते, तिला माहीत असतं कोणासमोर काय बोलायचं आणि कोणाला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर न्यायचं.

भाषेचं म्हणशील तर सहा आठवड्यांत झुलू येणार नाही, पण तीस-चाळीस शब्द येऊ शकतात आणि ते जाण्याआधी पाठ कर. एकट्याला सावुबोना, अनेकांना सानिबोनानी, आणि मोठ्या माणसाला एकट्यालाही अनेकवचनात बोललेलं चांगलं दिसतं, आपल्या आदरार्थी बहुवचनासारखं. कशा आहात ला निन्जानी. आभाराला न्गियाबोंगा. आजी गोगो, आजोबा म्खुलु, आईच्या वयाची मामा, बापाच्या वयाचे बाबा, हे तर आपलेच वाटतील. मधुमेहाला उशुकेला म्हणतात, म्हणजे साखर, आपल्याकडं शुगर आहे म्हणतात तसंच. सी, क्यू, एक्स या इंग्रजी अक्षरांनी लिहितात ते जिभेचे टकटक आवाज चुकतील, चुकू देत, लोक प्रेमानं सुधारतात. एक मात्र लक्षात ठेव, उनोम्पिलो तुझी दुभाषी नाही. तू दर वाक्याला तिच्याकडं बघून काय म्हणाली, काय म्हणाली केलंस तर तिची भेट मोडते. घरात गप्प बस, प्रश्न मनात ठेव, पुढच्या घरी चालताना विचार, त्या चालण्यात मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही.

मग तू करायचं काय? तुझा वॉर्डातला अनुभव जिथं सोन्यासारखा आहे ती जागा म्हणजे अंथरुणाला खिळलेले पेशंट. स्ट्रोक झालेले आजोबा, पाय गेलेली मधुमेही बाई. उनोम्पिलोला याचं प्रशिक्षण थोडं असतं पण एकटीनं जड माणूस वळवणं तिला जमत नाही. तू दुसरा हात हो. दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचेखाली घोंगडीची गुंडाळी, पाठ आणि माकडहाड रोज बघणं, खाऊ घालताना ठसका लागू नये म्हणून बसवून भरवणं, हे सगळं तू करून दाखवायचं आणि मग त्यांच्या सुनेच्या किंवा नातवाच्या हातून करून घ्यायचं, तुझ्या हातून नाही, कारण तू सहा आठवड्यांनी जाणार. सामान त्या घरात आहे तेच वापरायचं. मक्याच्या पिठाची रिकामी प्लास्टिकची पोती धुऊन, उलगडून चादरीखाली घातली की गादी ओली होत नाही, हे मला एका गोगोनंच शिकवलं. अशी दोन घरं जरी तुझ्या सहा आठवड्यांत नीट मार्गी लागली तरी ते काम टिकतं.

बाकी हलकी पण लागणारी कामं. वजनकाटा उचलून नेणं, कुपोषण बघायला मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी लावणं, तान्ह्या मुलांची रोड टू हेल्थ नावाची आरोग्य पुस्तिका बघून लस चुकलीय का ते उनोम्पिलोच्या नजरेस आणून देणं, संध्याकाळी तिचं रजिस्टर भरायला मदत. पट्टीचे आकडे तुला माहीतच असतील, ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, त्या मुलाला त्याच दिवशी क्लिनिकला पाठवायचं.

इथलं ज्ञान तिथं जसंच्या तसं ओतू नकोस, याचं एक साधं उदाहरण देते. जुलाबाला साखर-मिठाचं पाणी आपण शिकवतो ते लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दक्षिण आफ्रिकेत आठ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं शिकवतात, क्लिनिकच्या भिंतीवर तेच, पुस्तिकेत तेच. तू मधेच सहा म्हणालीस तर आई गोंधळते, आणि गोंधळलेली आई मिठाचं प्रमाण चुकवते, ते तर धोक्याचंच. ज्या भागात २०००-०१ मध्ये कॉलऱ्याची एवढी मोठी साथ आली की एक लाखाहून जास्त लोकांना लागण झाली, तिथं हा संदेश एकच राहणं फार महत्त्वाचं आहे. झाडपाल्याचंही तसंच. इन्यांगा म्हणजे जडीबुटीवाला, सांगोमा म्हणजे पूर्वजांशी बोलून निदान करणारा किंवा करणारी, लोक क्लिनिकलाही जातात आणि त्यांच्याकडंही जातात. तान्ह्या बाळाला झाडपाल्याचा एनिमा देण्याची एक पद्धत आहे, तिला उकुचाथा म्हणतात, ती बाळाला खरंच घातक ठरू शकते. ते दिसलं तर तोंडावर विरोध करू नकोस, पण गप्पही बसू नकोस, फाटकाबाहेर आल्याआल्या उनोम्पिलोला सांग आणि बाळ सुस्त असेल तर त्याच क्षणी क्लिनिकला न्यायचा आग्रह धर. मान राखणं आणि मूल जाऊ देणं यात गल्लत करायची नाही.

टीबीबद्दल थोडं कडक बोलते. याच प्रांतातल्या तुगेला फेरी गावातली २००६ मध्ये जी अतिप्रतिरोधक, म्हणजे बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या, टीबीची साथ जगापुढं आली त्यात ५३ पेशंटपैकी ५२ गेले होते. आता औषधं खूप सुधारलीत, प्रतिरोधक टीबीलाही पुष्कळ जणांना सहा महिन्यांच्या गोळ्यांचा कोर्स मिळतो, पण हवा तीच आहे. खोकणाऱ्या माणसाशी बोलायचं तर बाहेर अंगणात, झाडाखाली, आत जावंच लागलं तर दार-खिडकी उघडून आणि एन-९५ लावून. मास्क सगळ्या टीमनं लावायचा. तू एकटीनं लावलास तर घराला वाटतं आपलीच किळस आली. इथून काही न्यायचंच असेल तर चांगल्या एन-९५ चा एक खोका ने, दोघींना पुरेल एवढा.

बीपी मशीन, ग्लुकोमीटर नेऊ नकोस. पट्ट्या संपल्या की ग्लुकोमीटर म्हणजे खेळणं, आणि तू मोजलेली साखर तिच्या रजिस्टरात कुठं जातच नाही. औषधं तर अजिबात नाही, पॅरासिटामॉलसुद्धा वाटायचं नाही. एका घरी दिलंस की पुढच्या वेळी प्रत्येक फाटकाशी तुझी वाट बघतील आणि रिकाम्या हाती येणाऱ्या उनोम्पिलोची किंमत कमी होईल. पैशांचं आणि कपड्यांचंही तेच. द्यायचंच असेल तर जाताना संस्थेला विचारून टीमसाठी छत्र्या, टॉर्च किंवा चांगल्या बॅगा दे. खायला दिलं तर मात्र नाही म्हणू नकोस. आमाहेऊ देतील, मक्याचं आंबवलेलं पेय, आपल्या आंबिलीची आठवण येईल, दोन घोट घे तरी.

तुला बघून लोक विचारतील, डर्बनची इंडियन का? १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, तिथं नेले, त्यांचे वंशज डर्बन परिसरात लाखोंनी आहेत, पण झुलू आणि इंडियन यांच्यात सगळं गोडच आहे असं नाही, १९४९ ची दंगल झाली, जुलै २०२१ मध्येही वाईट घडलं. कोणी कडवट बोललं तर वाद घालू नकोस, भारतातून शिकायला आलेय म्हण, ते खरंही आहे. इंदुनाला, म्हणजे तिथल्या मुखियाला, पहिल्या आठवड्यात संस्थेनं तुला भेटवलंच पाहिजे, नाही भेटवलं तर तू मागून घे.

फोटो काढू नकोस, परवानगी घेऊनसुद्धा नको, कारण पाहुणीला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही. आणि पहिल्या दिवशी प्रत्येक घरात सांग की मी अमुक तारखेला परत जाणार आहे, मुलांना तर नक्की सांग, शेवटच्या आठवड्यात अचानक सांगितलं की ती उगीच रस्त्याकडं बघत बसतात.

जूनमध्ये जाणार असशील तर तिकडं थंडी, पहाटे स्वेटर लागेलच, डिसेंबरात पाऊस आणि ओढे भरलेले, म्हणून बूट घोट्याच्या वरचे घे. प्रांताच्या उत्तर टोकाला, जोझिनी-इंग्वावुमाकडं काम असेल तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचार, आणि विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर यलो फीव्हरच्या सर्टिफिकेटचा नियम तिकीट काढायच्या आधी बघ. संस्थेचं पत्र आलं की त्यात तुझं काम काय लिहिलंय आणि तू कोणत्या उनोम्पिलोबरोबर फिरणार हे आहे का ते मला कळव, ते वाचून अजून नीट सांगता येईल.